सुरमईचा कल्ला आणि माझा लक्स मीटर

बोईसरच्या मासळी बाजाराची शेड इतकी काळोखी, की भर दुपारीही दिवे लावावे लागतात. तिथे नवे दिवे लागले तेव्हा ते निवडणारा लाइटिंग डिझायनर स्वतः पाहायला आला. मुंबईचा. केळव्याला त्याचा शनिवार-रविवारचा बंगला, तेवढ्यावरून बाजार कमिटीला तो घरचा माणूस वाटला. बुटाला पाणी लागू नये म्हणून टाचा उचलून चालत होता आणि तोंडाने लुमेन, लक्स, केल्विन फेकत होता. समोर माझी आई आणि जवळच्या नवापूर किनाऱ्यावरच्या आणखी दहा-बारा बायका फळीवर मासे मांडून बसलेल्या. त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं."

अरे वा रे शहाण्या! न कळण्यासारखं त्यात आहे काय? मी तारापूरच्या कारखान्यात वीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. लुमेन म्हणजे खाऊन उजेड किती देतो. नुसते खाणारे दिवेही असतात, माणसांसारखे. त्यातला फळीवर किती पडला, ते लक्स. केल्विनवरून कळतं, उजेड पिवळट की निळसर. संपलं. याने मात्र पिवळट दिवे लावले होते. का, तर म्हणे "वॉर्म वातावरण येतं." मासळी बाजारात वातावरण! डोंबल तुझं.

आठवड्याभरात आईचं गिऱ्हाईक फळीपाशी येऊन परत फिरायला लागलं. आमच्याकडे बाई मासा घेताना फार विचारत नाही. सुरमईचा कल्ला बोटाने उचलते, आत लालभडक दिसलं की पिशवी उघडते. या दिव्यांखाली सगळे कल्ले विटकरी. सकाळी होडीतून उतरलेली सुरमई, आणि रोजची एक बाई आईला म्हणाली, "मावशी, आज शिळा माल का हो?"

चाळीस वर्षांत हे आईला कुणी म्हटलं नव्हतं. 'ताजा हाय' हा तिचा शब्द, त्यावरच तिचा धंदा. तो शब्दच गेला तर फळी मांडून उपयोग काय?

"त्या दिव्यात खोट हाय," ती मला म्हणाली. "तू बग जरा."

मी काय केलं? कारखान्यातला लक्स मीटर नेला, तिच्या फळीवर ठेवला, आकडा पाहिला. हवा त्याहून जास्त उजेड. मग सगळ्या बायकांसमोर ऐटीत सांगितलं, "दिवे एकदम बरोबर आहेत, आई. तुझा मासाच बघ. बर्फ कमी पडला असेल."

मी मीटर पिशवीत घातला आणि चहा प्यायला गेलो.

दोन दिवसांनी डिझायनर पुन्हा आला. आईने दोन सुरमया त्याच्यापुढे धरल्या, एक आजची, एक कालची. "सायेब, यातली ताजी कंची?"

त्याने थाटात कालचीवर बोट ठेवलं.

आई दोन्ही घेऊन बाहेर उन्हात गेली. आम्ही मागोमाग. उन्हात एक कल्ला जास्वंदीसारखा लाल, दुसरा गंजक्या पत्र्यासारखा. बायका खो-खो हसल्या. तो पुटपुटला, "हां, सीआरआय कमी आहे." सीआरआय म्हणजे दिवा रंग किती खरा दाखवतो त्याचे शंभरपैकी मार्क. दिव्यांच्या खोक्यावर सत्तर छापलं होतं. लाल रंगात तर दिवे साफ नापास. इथे कामाचा शब्द हा एकच, तोच या दीडशहाण्याने गिळला होता.

पण त्याला कशाला हसू? त्याला सगळे मासे सारखेच. मी नवापूरचा, कालवणावर वाढलेला. त्या दिवशी ते खोकं माझ्या पायाशी पडलेलं असताना मी मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि आईला चारचौघींत खोटं पाडलं. थू असल्या अकलेवर!

दिवे बदलले. गिऱ्हाईक परत आलं. ती शिळा म्हणणारी बाईसुद्धा हसत आली.

घरी मात्र तेव्हापासून एक नवीनच सुरू झालंय. घरच्या माणसाला कल्ला दाखवायची आमच्यात रीत नाही. पण आई कालवणाचा मासा घेऊन दारात उजेडाला येते, मला हाक मारते, बोटाने कल्ला उचलते.

"बगून घे, बाबा. ताजा हाय."

मी हो म्हटल्याशिवाय ती विळीवर बसत नाही.