सिद्धम्माचा केसपेपर

गाण्यानं माणूस बरा होतो, हे ताडकळसमध्ये कुणाला पटवायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. पण सिद्धम्माला पटलं होतं. सून त्रिवेणी संगीतोपचार शिकायचं म्हणाली, तेव्हा घरात पहिला होकार सासूचाच. मुलगा शिवकांत किराणा दुकानात बसल्या बसल्या कुरकुरला, की असलं शिकून परभणीत नोकरी कोण देणार. सिद्धम्मानं त्याला गप्पच केलं. म्हणाली, तुझ्या आवाजाला घरातलं मांजर येत न्हाई, तिच्या गळ्यात हाय तर जाऊ दे तिला.

तर त्रिवेणी जायला लागली. सकाळी सातची एसटी, परभणीतलं एक पुनर्वसन केंद्र, अन् परत घरी यायला साडेसात. काम सोपं नाही बरं का! लकवा मारलेल्या माणसाला बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं लावून धरलं की एखादा शब्द सुटतो. ज्याचे पाय अडखळतात त्याला ठेक्यावर चालवायचं. एकच ओळ चाळीस वेळा म्हणायची अन् चाळिसाव्या वेळीही तोंड हसरं ठेवायचं. वर प्रशिक्षणाचे, निव्वळ पेशंटसमोर बसल्याचे, तीनशे तास दिवाळीपर्यंत भरले पाहिजेत, नाही भरले तर बॅच पुढं अन् आपण मागं. त्रिवेणीनं त्याचाच धसका घेतला. सोबतचं कुणी रजेवर गेलं की त्याचे पेशंटही हीच घ्यायची.

घरी यायची ती घसा अन् जीव दोन्ही संपवून. शिवकांतनं मोबाइलवर गाणं लावलं की ही बंद करायला लावायची. दिवसभर लोकांना गाण्यानं बरं करणाऱ्या बाईला घरात गाणं सोसेना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यात सोमवारचं भजन बुडालं, हे खरं दुखणं. दर सोमवारी दिवेलागणीला सिद्धम्माच्या ओसरीवर बायका जमायच्या. लग्न होऊन आल्यापासून आठ वर्षं त्रिवेणी पुढं बसून भजन म्हणायची अन् सासू टाळ धरायची. आषाढात बुडालं, मग श्रावणातलेही सोमवार गेले. श्रावणातले! बायकांनी वाट पाहिली अन् शेवटी दुसऱ्या घरी जमायला लागल्या. सिद्धम्मा तिकडं गेली नाही. सुनेला एका शब्दानं बोललीही नाही, निमूट ताट वाढायची. म्हातारीच्या मनात काय आहे ते त्रिवेणीला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर ती नजर चुकवायची.

भाद्रपदातल्या एका सोमवारी दुपारी केंद्रातल्या शिपायानं नवा पेशंट आत सोडला. त्रिवेणीनं केसपेपर पाहिला. नाव सिद्धम्मा सांबप्पा, वय सदुसष्ट, राहणार ताडकळस. वर बघते तर दारात सासू, ठेवणीतलं इरकल नेसून, हातात पिशवी.

त्रिवेणी घाबरून उठलीच. तिला वाटलं घरी काही झालं. सिद्धम्मानं हातानंच तिला खाली बसवलं अन् समोरच्या खुर्चीवर आपण बसली. म्हातारीचा विचार सरळ होता. सगळी उमर दवाखान्यांचे उंबरे झिजवलेली बाई. केसपेपर काढल्याशिवाय आपल्याशी कुणी बोलत नाही अन् काढला की बोलावंच लागतं, एवढं तिला पक्कं ठाऊक. खिडकीवर विचारलं तेव्हा कळलं, इथं अर्धा तास मिळतो. घरी सून अर्धी घटका सापडत नव्हती, म्हणून तिनं रीतसर केसपेपर काढला. असलं डोकं सिद्धम्माचंच चालावं!

मागं अनुपमा मॅडम बसल्या होत्या, शिकणाऱ्यांचं काम तपासायला. त्यांना हे नातं ठाऊक नव्हतं. त्यामुळं त्रिवेणीला ठरलेले प्रश्न विचारणं भाग पडलं. काय त्रास होतो?

"मला काय धाड भरलीय? त्रास माझ्या सुनेला हाय."

"कधीपासून?" त्रिवेणीनं खाली मान घालून विचारलं.

"आषाढापासून. लोकायसाठी गाऊ गाऊ तिचं गाणं सरलंय. हासत न्हाई, बोलत न्हाई, पोटभर जेवत न्हाई. मी जवळ जावं तर डोळे मिटून घेती."

आता आत्या, म्हणजे सासू, गायला सांगणार, असं त्रिवेणीला वाटलं. घसा सकाळपासून बसलेला, तरी तिनं पेटी पुढं ओढली. सिद्धम्मानं पेटीवर हात ठेवला.

"तू नको गाऊ. निस्ती बस. मी गाते, तू ऐक."

अन् गायली की! जन्मभर टाळ वाजवलेली बाई, तिला सूर कसला? आवाज चिरका, दुसऱ्या ओळीला सूर सुटला तो पुन्हा सापडलाच नाही. सोमवारचंच भजन होतं. गेल्या तीन महिन्यांत त्रिवेणीसाठी कुणी गायलं नव्हतं अन् आपल्याला त्याची भूक लागलीय हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पेशंटसमोर रडायचं नाही, असा केंद्राचा नियम. ती रडली. लाज वाटली तिला, अन् लय बरंही वाटलं.

वेळ संपल्यावर मॅडमनी या कोण म्हणून विचारलं. त्रिवेणीनं सांगितलं अन् त्याच दमात म्हणाली, की इथून पुढं सोमवारी मी तीनला निघणार, आजपासूनच, अन् दुसऱ्यांचे पेशंट घेणार नाही. मॅडमनी शांतपणे समजावलं. असं केलं तर दिवाळीला तास भरणार नाहीत, परीक्षा उन्हाळ्यात, पुढच्या बॅचबरोबर. तोवर सोबतच्या मुली नोकरीला लागलेल्या असतील. हेच ऐकावं लागू नये म्हणून त्रिवेणीनं तीन महिने रक्त आटवलं होतं. चालेल, म्हणाली.

बाहेर आल्यावर सिद्धम्मा रस्त्यातच थांबली. तिचं तोंड उतरलं होतं.

"पोरी, मी तुझं शिकनं मोडायला आले नव्हते गं."

"मोडलं न्हाई, आत्या. लांबलं." त्रिवेणीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. "मला वाटायचं, तुमी माझ्यावर रागावलात."

"रागावले तर होतेच. पन तुझं तोंड बघितलं की राग गिळायचे."

त्या सोमवारीही भजन झालं नाही, त्रिवेणीचा घसाच बसला होता. दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या. सुनेनं आपल्या पेशंटांच्या गोष्टी सांगितल्या, सासूनं तीन महिन्यांचं गाव सांगितलं. शिवकांत दुकान बंद करून भुकेजून आला, तेव्हा चूलसुद्धा पेटलेली नव्हती.