प्रायमरवर दोन हात चुना

सोमवारी सकाळी शाळेच्या भिंतीवर हात फिरवला आणि तळहात पांढरा झाला. शनिवारी मी हीच भिंत घासून, धुऊन, रंगाखालचा प्रायमर लावून सोलापूरला परतलो होतो. वाळलेला प्रायमर हाताला लागत नाही. हा चुना होता.

मंगळवेढ्याकडची ही वस्तीशाळा. मुलं मोजकी. शाळा ठेवायची की शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायची, हे ठरवायला बुधवारी शिक्षण विभागाचं पथक येणार होतं. त्याआधी मुख्याध्यापकांना भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा हवा होता.

"चुना कुणी मारला?"

"आमी," शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा म्हणाले. मेंढरं राखणारा माणूस. "सायेब येनार म्हनल्यावर भिताड पांढरं नको व्हय?"

"पांढरं मीच केलं होतं, अण्णा."

"तुमचं लई फिकं दिसत हुतं की."

मुख्याध्यापक म्हणाले, "वेळ नाही, पेंटर. वरूनच रंगवा."

अ‍ॅक्रिलिक रंगातलं पाणी उडालं की प्लास्टिकचा पापुद्रा उरतो. तो प्रायमरला धरतो, चुन्याच्या भुकटीला नाही. सांगून पटेना. वीतभर निळा लावला. उन्हात दहा मिनिटांत वाळला. चिकटपट्टी दाबून ओढली. निळा अख्खा हातात आला.

"पापडागत निगालं की!" अण्णा म्हणाले. "आदी सांगायचं न्हाय का?"

भिंतीला काही लावू नका, असं शनिवारी सांगितलं होतं. दोनदा.

खरवडणं, धुणं, पुन्हा प्रायमर, यात सोमवार संपला. एका दिवसात महाराष्ट्र होणार नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "मग आपल्या परिसराचा नकाशा तरी काढा."

मंगळवारी रंग ताटलीतच सुकत होता. त्यावर पाणी फवारत, एका वेळी हातभर जागा धरली. पहिला थर पातळ, तो वाळल्यावर दुसरा.

"जाड मारा की, एका दमात हुईल," मागून अण्णा.

जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, मग तडकतो. हे मी चार वेळा सांगितलं.

बुधवारी पथकाच्या बाईंनी भिंतीपाशी एका मुलीला विचारलं, "शेजारची शाळा कुठं आहे?"

"हितं," तिनं नकाशावर बोट ठेवलं. "मदी ह्यो वढा. पावसाळ्यात पानी आलं की जाता येत न्हाय."

बाईंनी ते लिहून घेतलं. शाळा राहिली.

आता प्रायमर लावला की रंगाचा पहिला थर दिल्याशिवाय मी गाव सोडत नाही. अण्णा मात्र भेटेल त्याला सांगतात, "चुना मारला म्हनून शाळा वाचली."