हसनचाचांची बादली

कतारमधल्या मेसईदच्या पोर्टवर थोडी वर्षं काढा, किस्से भंगारासारखे साठत जातात. टाकवत मात्र नाहीत! आमच्या सर्व्हे बोटीवरचे निम्मे तर एकट्या हसनचाचांचे. चाचा बोटीचे तांडेल, रत्नागिरीकडचे. मी साताऱ्याचा, पाण्याला भिणारा. दोन हजारनंतरची गोष्ट. मोठ्या जहाजांसाठी ड्रेजर समुद्राच्या तळात चर खोदायचा आणि आम्ही मागून खोली मोजायचो.

*

पहिल्याच दिवशी चाचांनी दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडली, तळाचा गाळ ओढून काढला आणि कडेला नेऊन ओतला.

"सॅम्पल का चाचा?"

"सॅम्पल कसला! रिकाम्या हातानं चर ओलांडतात काय?"

मग कळलं. त्यांच्या आजोबांच्या पिढीनं गावच्या खाडीत होड्यांसाठी हातानं चर खणला होता. ओहोटी लागली की घरटी एक माणूस कुदळ-फावडं घेऊन चिखलात. वर्षानुवर्षं! तेव्हापासून जो कुणी चरातून जाईल त्यानं घमेलंभर गाळ काढून बांधावर टाकायचाच. पाहुणा असो, नाहीतर मौलवी! मी गारच पडलो.

*

एकदा गोऱ्या मॅनेजरनं ती बादली बघितली. एवढा अजस्र ड्रेजर धडधडतोय आणि हा माणूस बादलीनं गाळ काढतोय!

"हसन, व्हॉट इज धिस?"

"सर, युवर ड्रेजर व्हेरी बिग. बट आय ऑल्सो पासिंग, नो?"



*

चाचांच्या मुलीचं, रुखसानाचं लग्न खाडीपलीकडच्या गावात ठरलं. शुक्रवारी जवळच्या अल वक्राला चाचांचे गाववाले चहाला जमले. ड्रायव्हर, फिटर, वेल्डर, सगळे खुशीत. चाचा म्हणाले, "पाठवणीची होडी चरातनंच जाणार. पण चर गाळानं भरलाय. उपसायला गावात कोण हाय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. अहो, गावातले धडधाकट हात झाडून सगळे त्या टेबलाभोवतीच होते!

*

चाचांनी सुट्टी मागितली.

"आफ्टर प्रोजेक्ट, इन्शाल्ला!" साहेब म्हणाला.

"मग सर, दोन दिवस ड्रेजर द्या."

आईशप्पथ, मला वाटलं गेली यांची नोकरी! साहेब हसायला लागला. पण चाचांचे डोळे भरलेले बघितले आणि हसणं आवरलं. सुट्टी काही दिली नाही.

*

लग्नाच्या दिवशी चाचा माझ्याबरोबर बोटीवरच. पोरीच्या पाठवणीला बाप नाही! माझ्या मोबाइलवरून त्यांनी घरी फोन लावला. चाची खाडीच्या काठावरून एवढ्या ओरडत होत्या की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"होडी अडकली! भर चरात! ओहोटी लागलीय!"

चाचाही ओरडायला लागले.

"जावयाला खाली उतरव! घमेलं दे त्याच्या हातात!"

"तो मघाच उतरलाय!"

"आणि रुखसाना? रडतेय काय होडीत?"

"कुठली रडतेय! तीच पुढं हाय. घमेलं एकच, ते त्याच्याकडं. ही नुसत्या हातांनी उपसतेय!"

"हातांनी? अगं, मेंदीचे हात ते!"

"मेंदी होती. आता चिखल हाय."

चाचांनी फोन माझ्याकडं दिला आणि बादली पाण्यात सोडली.