बुजवलेला ब्रीदर पाइप

माझी लाज उस्तादांनी झाकली, हे आधी लिहितो. उस्ताद म्हणजे शेंद्र्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजचे मालक. आठवीत शाळा सोडून किनवटहून आलेल्या माझ्यासारख्याला त्यांनी इंजिन उघडायला दिलं. दुसऱ्या कुणी पाना धरू दिला नसता.

वैजापूरचे एक रिटायर गुरुजी त्यांचं लई जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी सर्व्हिसला आली तेव्हा ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातून हवेच्या पाइपात जाणारी रबरी नळी, तेलानं चिकट झाली होती. गुरुजींना इंजिन चकाचक लागायचं. मला वाटलं, घाण करते ती हीच. नळी काढली, दोन्हीकडच्या तोंडांत बोल्ट घालून क्लिपा आवळल्या. उस्तादांना विचारलं नाही. एवढंबी कळत नाय का म्हणतील, ही धास्ती.

आठ दिवसांत गाडी परत. खाली तेलाची धार. उस्तादांनी बॉनेट उघडलं, बोल्ट पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं.

गुरुजी म्हणाले, "मी दुसरीकडं कधी गेलो नाही, उस्ताद. हे कुणी केलं?"

"मेरेच हात का काम है, गुरुजी. चूक माझी."

मी बाजूलाच पाना पुसत उभा.

गुरुजी गेल्यावर वाटलं, आता घरी पाठवतील. उस्तादांनी दुसरी गाडी चालू केली, तेल टाकायचं झाकण काढलं आणि तिथं मला प्लास्टिकचा कागद धरायला लावला. कागद आत ओढला गेला. त्यांनी नळी चिमटीत दाबली, तसा तो फुगून वर आला. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच, म्हणाले. ही नळी तो पुन्हा जाळायला वर नेते. वाट बुजवली की तो दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

सील बदलून गुरुजींनी गाडी नेली. ती पुन्हा आमच्याकडं आली नाही.

अजून माझी हिंमत झालेली नाही. पण एक दिवस वैजापूरला गुरुजींच्या दारात उभा राहून सांगीन, बोल्ट मी घातले होते. उस्तादांचं नाव त्या घरात होतं तसं करून देईन.