नव्वद कोयत्यांचा नकाशा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? गप्प राहून राहून स्वतःचाच वैताग आलाय — दुसरं कारण नाही.

१९९९चा ऊसतोडीचा हंगाम. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावात काविळीची साथ होती. मी तिथंच राहायला, संख्याशास्त्र शिकलेला, म्हणून सरपंचांनी मला नकाशा करायला लावला. प्रत्येक रुग्णाच्या घरावर एक ठिपका. आर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर नुकतंच हाती आलं होतं. दर ओळीला ते अडायचं आणि मी चडफडायचो. पण दोष त्याच्यावर कसा ढकलू?

जिथं माणसं जास्त, तिथं ठिपके जास्त पडणारच. म्हणून नुसते ठिपके बघायचे नसतात. तिथल्या वस्तीच्या मानानं ते किती दाट आहेत, हे काढायचं असतं. गावातली माणसं जनगणनेतून घेतली. गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या — त्यांची नोंद कुठंच नाही. त्यांचा मुकादम म्हणाला, "लिवा सायब, नव्वद कोयतं." मी लिहिलं — नव्वद माणसं.

कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. कोयता म्हणजे तोडणीला आलेली नवरा-बायकोची जोडी — शिवाय त्यांची पोरं. मी बावड्याचा, उसाच्याच पट्ट्यात वाढलेला. मला हे माहीत नव्हतं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

नकाशात कोप्यांवर लालभडक डाग उठला. सरपंचांनी तो ग्रामसभेत भिंतीला लावला, माझी पाठ थोपटली — "शिकल्याला माणूस गावात असावा तो असा!" त्याच दिवशी कोप्यांतल्या बायकांना गावच्या टाकीवर बंदी झाली. त्या कॅनॉलचं पाणी भरू लागल्या.

चौथ्या दिवशी वही चाळताना चूक दिसली. खरा आकडा घातला — कोप्यांवरचा डाग गेला. लाल झाली ती सरपंचांची आळी, जिथं नळाचा पाइप गटारातून जातो. आणि मी काय केलं? संगणक बंद केला. थोपटलेल्या पाठीची ऊब जाऊ नये — एवढ्यासाठी.

एकदा वाटेत कोपीवरच्या गयाबाईनं अडवलं. डोक्यावर हंडा. "दादा, तुमच्या कागदात आमी लाल हाय म्हनं. आमी काय रंग खेळलो व्हय? टाकीवर कवा येऊ देनार, त्ये बोला."

"बघतो," म्हणालो. काय बघणार होतो? बघून झालं होतं की.

सव्वा महिन्यानं कोप्यांत नवे रुग्ण निघाले — कॅनॉलच्या पाण्यानं, दुसऱ्या कशानं? त्यांत गयाबाईची धाकटी. तिचा ठिपका मी स्वतःच्या हातानं लावला. शेजारी सरपंच उभे होते. "बघा, तुमचा नकाशा खरा निघाला का न्हाय?"

मी मान डोलावली.