ताईच्या हाडांतलं ऊन

आमच्या ताईच्या पायाला भिंगरी होती. लग्नाआधी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ती जिना चढायची आणि मी एक कळशी सांभाळत मागून धापा टाकायची. गेल्या फेब्रुवारीत तीच ताई कॅनडातून दोन महिन्यांची रजा काढून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला आम्ही तिघी बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून वाकलो. आई उठली, मी उठले. ताई जमिनीवर तळहात रोवून नुसती धडपडत राहिली. मला वाटलं, चेष्टा करतेय. "उठा आता मेमसाब," मी म्हटलं. तिनं मान वर केली तर डोळे भरलेले. आम्ही दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. सत्तरीतली आई ताठ आणि चाळिशीतली लेक तिच्या आधारानं उभी. आईच्या मनात तर नको त्या आजारांची रांग लागली.

"तसलं काही नाही," ताई म्हणाली. "हाडं दुखतात, मांड्यांत जोर राहिला नाही. तिकडे सगळ्या तपासण्या झाल्यात, गोळ्या चालू आहेत. मला ऊन कमी पडलंय."

ऊन! आणि सोलापूरच्या मुलीला! मी हसत सुटले. आई हसली नाही.

मग चहा घेता घेता ताईनं सगळं सांगितलं. अंगावर ऊन पडलं की हाडांना लागणारं जीवनसत्त्व आपल्या कातडीतच तयार होतं. तिकडचा हिवाळा लांबलचक, सूर्य दिसतो पण त्यात दम नसतो. इथवर तिचा काही दोष नव्हता. पण उन्हाळ्यात तिकडेही लख्ख ऊन पडतं, माणसं मिळेल त्या हिरवळीवर आडवी होतात. तेव्हा आमची ताई काय करायची? सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद, आणि वर इथून नेलेली जाडजूड सोलापुरी चादर टांगलेली. नोकरीचं कामही घरूनच. डॉक्टरबाईंनी विचारलं, उन्हात जाता का? तर ही ऐटीत म्हणाली, "छे हो, मी सोलापूरची. उन्हापासून कसं जपायचं ते आम्हाला कुणी शिकवायला नको."

त्या बाईंनी कपाळावर हात मारला असेल.

माझं हसू मात्र केव्हाच थांबलं होतं. ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, ज्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, ते न मागता आमच्या हाडांत उतरत होतं. शाळेतून येताना, वाळवणं राखताना, बसची वाट बघताना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर काही पिकतंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ताईचा देश बदलला, बोलणं बदललं, कागदपत्रंसुद्धा बदलली. शरीर मात्र सोलापुरातच राहून गेलं होतं, आपल्या वाट्याचं ऊन मागत. मला त्या शरीराचं फार नवल वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

आईला नवल करत बसायला वेळ नव्हता. "गोळ्या घे की. पर आता ऊन बी खायचं. चल वर," म्हणाली. रोज न्याहारी झाली की दोघी गच्चीवर. बाह्या वर सारून ताई शेंगा फोडायची. अधूनमधून आई तिला कठडा धरून उठबस करायला लावायची. ताई कण्हायची, आईवर चिडायची, पण करायची.

तिच्या परतीच्या आठवड्यात आम्ही तिघी अशाच गच्चीवर बसलो होतो. खालून दूध करपल्याचा वास आला. ताई ताडकन उठली आणि जिन्याकडे पळाली. हात टेकला नाही, कठडा धरला नाही. गोळ्यांनी झालं की उन्हानं, मला सांगता येणार नाही. मी आईकडे बघितलं. तिच्या हातातलं शेंगा पाखडायचं सूप तसंच अधांतरी राहिलं होतं.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनीही ताईला पळताना पाहिलं. "अवो बाई," त्या म्हणाल्या, "परदेशातनं कशी उजळून आलीती पोरगी. तुमी उन्हात बसवून पार काळी केली की तिला!"

आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हू दे की काळी. कुनाचा हात न धरता उटली, त्ये बगितलं न्हाय व्हय तुमी?"