ताईने न उघडलेली शिशी

"मामा, आई गेली," असा भाच्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांना रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवत होतो. पोरांना घरी सोडलं, खुर्चीत टेकलो, आणि खरं सांगायचं तर आधी मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं, अकोल्याच्या एसटीत. सख्खी मोठी बहीण गेल्यावर माणसाला हायसं का वाटावं, ते सांगायलाच सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय...

ताई नर्स होती. हिवरखेडजवळच्या एका गावात, उपकेंद्रावर तिची सगळी नोकरी गेली. नियमाला इतकी पक्की, की घरचे तिला हात जोडायचे. हवेत बोट फिरवून माणसं मोजायची तिला खोडच होती. घरी चार जण जेवायला बसले तरी मोजल्याशिवाय भाकरी वाढायची नाही. मी तिची यावरून फार टर उडवायचो.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी माझा क्लास बंद पडला आणि मी तिच्याकडे राहायला गेलो. आई गेल्यापासून बाबाही नांदगाव खंडेश्वरचं घर सोडून तिच्याकडेच होते. तेवढ्यात पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी लस आली. एका शिशीत दहा डोस, उघडली की चार तासांत संपवायची. डोस वाया गेला की वरून विचारणा. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय ताई शिशी उघडत नसे. गाव तर लसीच्या नावानं शेतात पळत होतं. बाबा तीन दिवस उपकेंद्राबाहेरच्या लांब बाकावर सकाळपासून जाऊन बसले आणि तसेच परत आले. चौथ्या दिवशी ताईने दारोदार फिरून बाबांना धरून नऊ जण गोळा केले. दहावा मी होतो, घरचाच, हक्काचा. तिने फोन केला, "नऊ झाले. ये लवकर, बाबा कवाचे बसून राहिले."

"पोट दुखून राहिलं माह्यं, ताई. उद्या येतो."

पोट ठणठणीत होतं. लस घेतल्यावर माणसं मरतात, असे मेसेज रात्रंदिवस वाचून मी घाबरलो होतो. जीवशास्त्राचा मास्तर! मग मी फोन बंद केला आणि पांघरूण घेऊन पडलो. तिकडे बाबा म्हणाले, "फोड न व बाई." ताई म्हणाली, "नऊच हायेत, बाबा. उद्या फोडू." दुपारी तिने सगळ्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तुटवडा पडला म्हणून साठा तालुक्याला परत मागवला, आणि पुढे महिनाभर त्या गावात लस आलीच नाही. त्या महिन्याच्या शेवटी बाबांना ताप आला. अकोल्याला नेलं. अकराव्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बाबा आम्हाला लांबून दाखवले.

तेरवीला मी सगळ्यांदेखत ताईवर ओरडलो, "शिशी सांभाळली तुनं, बाप नाही सांभाळला!"

का ओरडलो? कोणी मला विचारण्याआधी मला ओरडायचं होतं, एवढंच. ताईने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात ती मला तिथे उघडा पाडू शकली असती.

"हो," ती म्हणाली. बस.

नंतर साठा आला तेव्हा मी अमरावतीत गुपचूप लस घेतली. दोन दिवस हात दुखला.

बाबांची सेवा करता करता ताईलाही लागण झाली होती. दोन्ही डोस घेतलेले होते म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. पण फुप्फुसं वाळल्या दोडक्यासारखी झाली. घरोघर पायी फिरणारी बाई न्हाणीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरू लागली. मग ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि चार वर्षं ती त्या नळीच्या लांबीएवढ्या घरात जगली.

शेवटचं भेटलो तेव्हा खाटेभोवती आम्ही चौघं होतो. तिने बोट उचललं. "एक... दोन... तीन..." मग बोट माझ्यावर आलं.

"दहा," ती म्हणाली, आणि खोकला येईपर्यंत हसली. ऑक्सिजन कमी पडला की असं बडबडते, भाचा मला समजावू लागला. मी मान डोलावली.

तिच्या तेरवीला जेवणं उरकल्यावर मी उपकेंद्राकडे गेलो. बाक तोच. त्या नऊ जणांतला एक म्हातारा त्यावर बसला होता.

"बाई लाखात एक होती, मास्तर," तो म्हणाला. "पण सख्ख्या बापासाठी एक शिशी नाही फोडली तिनं. गावात आजूनबी निंगते ती गोष्ट. तुमीच सांगतलं होतं न तवा?"

सांगायची वेळ हीच होती. इथे पेपरच्या पुरवणीत लिहिणं सोपं आहे; त्या गावात ही पुरवणी जात नाही.

"हो," मी म्हणालो.

म्हातारा जरा सरकला. "बसा न," म्हणाला. बाकावर एका माणसाची जागा होती. मी बसलो.